'सर्व्हर डाऊन आहे' म्हणजे नेमकं काय? कामाच्या ठिकाणी कॉम्प्युटर अडला तर काय तपासायचं आणि तक्रार कशी करायची

बँक असो, तहसील असो, कॉलेजचं ऑफिस असो की गावातलं आपले सरकार सेवा केंद्र, एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. ऐकणाऱ्याला मात्र ते महाग पडतं. बारावीनंतरच्या ॲडमिशनसाठी नॉन-क्रिमीलेयरचा दाखला हवा असलेली मुलगी, पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी सातबारा घेऊन आलेला शेतकरी, निराधार योजनेचे कागद घेऊन बसलेली आजी. यांच्यासाठी "उद्या" म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा बुडालेला रोज, आणि कधी कधी कायमची गेलेली संधी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव देऊळघाट, बुलढाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं. नोकरीत माझ्याकडे रोज लोकांच्या तक्रारी येतात, त्याला आमच्याकडे 'तिकीट' म्हणतात. आणि गावाकडून फोन येतात ते वेगळेच: "भाऊ, साईट चालून नाही राहिली, काय करू?" दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. दुरुस्ती बऱ्याचदा पाच मिनिटांची असते, पण नेमकं बिघडलंय काय हे समजायलाच अर्धा दिवस जातो.

तुमच्यातले बरेच जण पहिल्या नोकरीत असतील, कोणी सेवा केंद्रात, कोणी पतसंस्थेत, कोणी कंपनीत डेटा एंट्रीला. ऑफिसात "तू मोबाईलवाला पोरगा आहेस ना, बघ जरा" असं म्हणून लोक तुम्हालाच बोलावतात. म्हणून हा लेख.

आधी लाईटचं उदाहरण घेऊ

गावात लाईट गेली की आपण काय करतो? आधी शेजारी डोकावतो. त्यांच्याकडे आहे? मग आपल्या घरातलं काहीतरी. फ्यूज बघा, एमसीबी पडलाय का बघा. शेजारीही नाही? मग पलीकडच्या गल्लीत विचारतो. तिकडे आहे, म्हणजे आपली डीपी गेली. गावभर नाही, म्हणजे फीडर गेला. आणि मग वायरमनला फोन करून आपण "लाईट चालून नाही राहिली" एवढंच सांगत नाही. आपण सांगतो, "शाळेजवळच्या डीपीवर एक फेज गेलाय, अर्ध्या तासापासून." वायरमनला लगेच कळतं कुठे यायचं, सोबत काय आणायचं.

कॉम्प्युटरची तक्रार यापेक्षा वेगळी नाही. फक्त तिथे डीपी आणि फीडर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आपण सगळ्यालाच "सर्व्हर" म्हणून मोकळे होतो.

समजा, तुम्ही केंद्रात बसून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरताय. 'सबमिट' दाबल्यावर ती माहिती साधारण अशी जाते:

१. तुमचा कॉम्प्युटर आणि त्यातला ब्राऊजर
२. केंद्रातला राऊटर
३. इंटरनेट देणारी कंपनी, तिची केबल किंवा टॉवर
४. डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा
५. त्या साईटचा सर्व्हर
६. सर्व्हरच्या मागचा डेटाबेस, जिथे अर्ज साठवला जातो
७. बाहेरच्या सेवा: ओटीपी पाठवणारी, आधार तपासणारी, पैसे घेणारी

या सातपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी तुमच्या स्क्रीनवर दिसतं एकच: काम झालं नाही. खऱ्या अर्थाने 'सर्व्हर डाऊन' म्हणजे यातली पाचवी किंवा सहावी कडी. बाकीच्या पाचांपैकी पहिल्या दोन तुमच्याच टेबलावर आहेत.

पाच मिनिटांत करायच्या पाच तपासण्या

एक: आधी फोटो, मग रिस्टार्ट. स्क्रीनवर काही मेसेज आला असेल तर काहीही करायच्या आधी तो टिपून ठेवा. विंडोज की, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की हवा तेवढा भाग कापून घेता येतो. तेही जमत नसेल तर मोबाईलने फोटो काढा. बहुतेक जण घाईत मेसेज बंद करतात आणि नंतर "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं" असं सांगतात. तो मेसेज हाच तर पुरावा असतो.

फोटो झाला की रिस्टार्ट करा. बंद करून चालू नाही, रिस्टार्टच. यात फरक आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक मशीनवर चालू असते. तुम्ही शट डाऊन केलं की विंडोज स्वतःच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर चालू होता येईल. त्यामुळे अडकलेली गोष्ट कधी कधी तशीच परत येते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

दोन: दुसरी साईट उघडा. एकच साईट बंद आहे की सगळ्याच? सगळ्याच बंद असतील तर तुमचं नेट गेलंय. सर्व्हरला नावं ठेवू नका.

तीन: तीच साईट मोबाईल डेटावर उघडा. वायफाय बंद करून बघा. मोबाईलवर चालते आणि कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे अडचण केंद्राच्या आत किंवा तुमच्या नेटवाल्याकडे आहे. दोन्हीकडे नाही, तर साईटकडे बोट दाखवायला हरकत नाही. शेजारी डोकावून बघण्याचाच हा प्रकार.

चार: तारीख आणि वेळ बघा. हसू नका, उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ खरंच बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो. तो संपला की रोज सकाळी कॉम्प्युटर कुठल्यातरी जुन्या वर्षात जागा होतो. आता सुरक्षित साईटचं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला वाटतं आज २०१५ साल आहे, प्रमाणपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही. मग तो साईट उघडायला नकार देतो आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं काहीतरी म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं साईट बंद. अशा वेळी तारीख दुरुस्त करा, आणि रोज बिघडत असेल तर सेल बदला. फार पैसे लागत नाहीत.

पाच: कालपासून काय बदललं? नवीन प्रिंटर जोडला, पासवर्ड बदलला, रात्री अपडेट झालं, कोणीतरी टेबल हलवलं. काल चालणारी गोष्ट आज चालत नसेल तर मधे काहीतरी घडलेलं असतं. ते आठवलं की निम्मा शोध संपतो.

मोबाईलवरच्या ॲपलाही हेच लागू होतं. तिथे आणखी दोन गोष्टी बघा: स्टोरेज भरलंय का, आणि ॲपचं अपडेट बाकी आहे का. सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही दोन बटणं शेजारी असतात. पहिलं दाबलं तर फक्त तात्पुरत्या फाईल जातात. दुसरं दाबलं तर लॉगिन, सेटिंग आणि ॲपमध्ये जपलेले अर्धवट अर्जसुद्धा जाऊ शकतात. म्हणून सुरुवात नेहमी पहिल्यापासून.

देऊळघाटची एक गंमत, जी गंमत नव्हती

गावातल्या एका केंद्रात महिनाभर एकच तक्रार चालू होती. अर्ज भरत असताना मधेच लॉगिन जायचं. 'सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा' असा मेसेज यायचा आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. केंद्र चालवणारे दादा हेल्पलाईनला फोन करून थकले होते. ते म्हणायचे, "सर्व्हर डाऊन होते." तिकडून उत्तर यायचं, "आमच्याकडे सर्व सुरळीत आहे." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. मधल्या मधे लोक परत जात होते. एक मुलगी शेजारच्या गावातून तिसऱ्यांदा आली होती आणि तिच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर होती.

मी सुट्टीत गावी होतो. मी दादांना एकच सुचवलं: वहीत दोन रकाने करा. एकात वेळ लिहा, दुसऱ्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहा. बाकी काही करू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीत चार नोंदी झाल्या. त्या वाचताना दादांच्याच लक्षात आलं की प्रत्येक वेळी शेजारची पिठाची गिरणी नुकतीच सुरू झालेली होती.

घडत होतं ते असं. गिरणीची मोठी मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला खूप करंट ओढते. त्या लाईनवरचं व्होल्टेज क्षणभर पडतं. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, त्याला काही कळायचं नाही. पण राऊटर थेट बोर्डावरच्या सॉकेटमध्ये लावलेला होता. तो तेवढ्या झटक्यात बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा, नेट परत यायला मिनिट-दोन मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात पोर्टल सुरक्षेसाठी जुनं लॉगिन रद्द करायचं. कॉम्प्युटर चालूच असल्यामुळे राऊटरकडे कोणी बघितलंच नव्हतं.

राऊटरची पिन यूपीएसमध्ये लावली, काम झालं. त्या मुलीचा अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

यात माझं इंजिनिअरिंग काही कामाला आलं नाही, वही आली. 'अधूनमधून होतं' अशी तक्रार जगातली सगळ्यात अवघड तक्रार असते, कारण दुरुस्त करणारा येतो तेव्हा सगळं नीट चालत असतं. तिच्यावर इलाज एकच: वेळ लिहून ठेवणं.

स्क्रीनवरचा आकडा काय सांगतो?

साईट बिघडली की बऱ्याचदा तीन अंकी आकडा दिसतो. तो वाचायला शिका. ढोबळ नियम सोपा आहे: ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तुमच्याकडून गेलेल्या मागणीत काहीतरी गडबड, ५ ने सुरू होणारा म्हणजे त्यांच्या बाजूला गडबड.

- ४०१: आधी लॉगिन करा.
- ४०३: तुम्हाला इथे यायची परवानगी नाही. तुमच्या लॉगिनला तो अधिकार दिलेला आहे का ते विचारा.
- ४०४: हे पान या पत्त्यावर नाही. जुनी लिंक किंवा टायपिंगची चूक असू शकते.
- ४२९: तुम्ही फार पटापट मागण्या पाठवताय. थांबा, पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.
- ५००: सर्व्हरच्या आत काहीतरी फुटलं.
- ५०२ आणि ५०४: पुढच्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळालं नाही, किंवा वेळेत मिळालं नाही.
- ५०३: सर्व्हर आत्ता काम घेऊ शकत नाही. गर्दी आहे किंवा देखभाल चालू आहे.

शेवटच्या तारखेला संध्याकाळी ५०३ दिसला तर समजा की राज्यभरातून लोक तेच बटण दाबतायत. तेव्हा दर सेकंदाला रिफ्रेश करून गर्दीत भर पडते. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करणं जास्त शहाणपणाचं.

आणि पैसे भरताना पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा मेसेज आणि पोर्टलवरचा व्यवहार क्रमांक तपासा.

काही अडचणी मात्र कॉम्प्युटरच्या नसतातच. वर्षानुवर्षं शेतात किंवा मातीकामात राबलेल्या माणसाच्या बोटांवरचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते ओळखत नाही. तिथे 'सर्व्हर' म्हणून माणसाला परत पाठवण्यापेक्षा दुसरं बोट, ओटीपी किंवा जिथे सोय असेल तिथे डोळ्यांचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन, हे पर्याय बघायला हवेत.

तक्रार कशी लिहायची?

आता मुख्य मुद्दा. पाच तपासण्या झाल्या, अडचण तुमच्या हातातली नाही हे कळलं. आता हेल्पडेस्कला किंवा ऑफिसच्या आयटीवाल्याला कळवायचंय. माझ्याकडे येणाऱ्या तिकिटांत हा नमुना नेहमीचा:

"सर, सिस्टीम चालत नाहीये. खूप अर्जंट आहे. प्लीज लवकर करा."

यातून मला काय कळलं? काहीच नाही. आता मी उलट प्रश्न पाठवणार, तुम्ही जेवायला गेलेले असणार, दुपारी उत्तर देणार, तोपर्यंत मी दुसऱ्या कामात. एक दिवस गेला. आता हे बघा:

"आज सकाळी ११:२० पासून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सबमिट होत नाही. सर्व माहिती भरून सबमिट दाबल्यावर पावती यायला हवी, त्याऐवजी ५०० असा आकडा असलेलं पान येतं. तीन वेगळ्या अर्जांवर तपासलं, तिन्हीला तेच. रहिवासी दाखल्याचा अर्ज मात्र सबमिट होतो. मोबाईल डेटावर आणि दुसऱ्या ब्राऊजरमध्येही हेच होतं. काल संध्याकाळी ६ पर्यंत नीट चालत होतं. दोन अर्जदारांची मुदत उद्या संपते. स्क्रीनशॉट जोडला आहे."

ही तक्रार वाचताच मला कळतं की नेट ठीक आहे, लॉगिन ठीक आहे, फक्त एका प्रकारच्या अर्जात बिघाड आहे आणि तो काल संध्याकाळनंतर आलाय. म्हणजे रात्री त्या भागात कोणी काय बदललं ते बघायचं. शोध सुरू व्हायच्या आधीच निम्मा संपला.

लक्षात ठेवायच्या गोष्टी एवढ्याच:

- कुठे: कोणती साईट, कोणतं पान, कोणता कॉम्प्युटर
- काय करत होता: कोणतं बटण, कोणत्या क्रमाने
- काय व्हायला हवं होतं आणि काय झालं
- कधी: मिनिटासकट वेळ
- किती जणांना: तुम्हालाच की सगळ्यांना
- काय करून पाहिलं
- मुदत: कधीपर्यंत दुरुस्त झालं नाही तर कोणाचं काय नुकसान

वेळेवर एवढा जोर का? सर्व्हर प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतो, तिला 'लॉग' म्हणतात. गर्दीच्या साईटवर मिनिटाला हजारो ओळी लिहिल्या जाऊ शकतात. "सकाळी कधीतरी" म्हटलं तर मी गवताच्या गंजीत सुई शोधतोय. "११:२०" म्हटलं तर मी थेट त्या पानावर जातो.

आणखी एक. जे दिसलं ते आधी लिहा, तुमचा अंदाज नंतर. "डेटाबेस करप्ट झालाय" हा अंदाज आहे. "यादी उघडली की रिकामी दिसते" हे दिसलेलं आहे. अंदाज जरूर लिहा, पण 'मला वाटतं' असं म्हणून.

स्क्रीनशॉट पाठवताना एक काळजी घ्या. त्यात अर्जदाराचा आधार क्रमांक, मोबाईल नंबर, बँक खातं दिसत असेल तर झाकून टाका. झाकताना गडद, पूर्ण भरलेला चौकोन वापरा. अर्धवट पारदर्शक मार्करने खोडलेले आकडे उजेड वाढवला की वाचता येतात. पासवर्ड आणि ओटीपी तर कोणालाच द्यायचा नाही, आयटीवाल्यालासुद्धा.

आणि 'अर्जंट' हा शब्द जपून वापरा. ऑफिसातल्या सगळ्याच तक्रारी अर्जंट असतील तर एकही अर्जंट राहत नाही. त्याऐवजी सरळ सांगा: किती जणांचं काम अडलंय, मुदत कधी आहे, दुसरा मार्ग आहे की नाही. तुमच्या माऊसचं बटण बिघडलंय आणि बाजूच्या टेबलावर पगाराची फाईल अडकलीय, तर आधी पगार. हे तुम्हालाही पटेल.

सर्व्हर खरंच पडतात तेव्हा

कधी कधी दोष आपल्या टेबलावर नसतो आणि कोणीच काही करू शकत नाही. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राऊडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल अपडेटमधून जगभर गेली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला ती सुटली. कंपनीने १०:५७ ला ती मागे घेतली, पण तेवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या होत्या. बँका, दवाखाने, विमान कंपन्या, सगळीकडे गोंधळ. फाईल मागे घेऊनही अडकलेल्या मशीन आपोआप सुरू झाल्या नाहीत. त्यातल्या बहुतेकांवर कोणालातरी प्रत्यक्ष जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाईल काढावी लागली.

त्या दिवशी आपल्या देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लोकांनी त्याचे फोटो काढून गंमत केली. मला ती गंमत वाटली नाही. काम अडलं होतं, पण थांबलं नव्हतं. कोणाकडे तरी कागद आणि पेन होता आणि ते कसं वापरायचं हे माहीत होतं.

तुमच्या केंद्रात, ऑफिसात असा कागद आहे का? सिस्टीम बंद असली तरी अर्जदाराचं नाव, नंबर, कोणतं काम आणि मुदत एवढं वहीत लिहून घेता येतं. कागद तपासून ठेवता येतात. सिस्टीम आली की मुदतीच्या क्रमाने अर्ज भरून फोन करता येतो. मग "उद्या या" ऐवजी "झालं की फोन करतो" असं म्हणता येतं.

अशा वेळी मात्र रिस्टार्ट करू नका

काही लक्षणं वेगळी असतात. फाईलींची नावं बदललेली, उघडत नाहीत, स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी, माऊस आपोआप फिरतोय. हे व्हायरसचं किंवा घुसखोरीचं काम असू शकतं.

याचं आपल्या राज्यातलं उदाहरण आहे. २७ जून २०१७ ला नोटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि तिथून त्याची झळ थेट आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरापर्यंत आली. मर्स्क समूह चालवत असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नंतर मर्स्कला जगभरात सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. असे हल्ले एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेटवर्कमधूनच पसरतात.

म्हणून अशी शंका आली तर:

१. पहिल्यांदा लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. मशीन तशीच राहू द्या. फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो.
२. पेन ड्राईव्ह लावू नका. बॅकअपची हार्ड डिस्क तर मुळीच नको.
३. लगेच आयटीवाल्याला फोन करा, मेलची वाट बघू नका. "मी एका लिंकवर क्लिक केलं होतं" हे कोणी सांगितलं तर त्याला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो लपवेल.
४. खात्यातून पैसे गेले असतील तर तडक १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

संस्थांसाठी नियमही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. ते काम तुमच्या वरिष्ठांचं असेल, पण त्यांचं घड्याळ तुमच्या फोनपासून सुरू होतं.

आणि उलट प्रकारही सांभाळा. "मी हेड ऑफिसच्या आयटीमधून बोलतोय, तुमच्या सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे, एनीडेस्क टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा रिमोट ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. खात्री करायची असेल तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर तुम्ही फोन करा. गुगलवर शोधलेला 'कस्टमर केअर' नंबर वापरू नका, त्यात खोटे नंबर बरेच असतात.

तक्रार केल्यावर

तिकीट नंबर लिहून ठेवा. पुढचा फोन करताना तो आधी सांगा, म्हणजे सगळी कथा पुन्हा सांगावी लागत नाही. दुरुस्त झालं असं कळवलं तर स्वतः तपासून "हो, आता चालतंय" असं उत्तर द्या. आणि तुम्हीच मधे काही करून ते चालू केलं असेल तर तेही कळवा, नाहीतर समोरचा नसलेली अडचण शोधत बसतो.

तुम्ही काउंटरच्या पलीकडे, रांगेत उभे असाल तरी यातलं बरंच कामाला येतं. "सर्व्हर डाऊन" ऐकल्यावर भांडू नका, शांतपणे विचारा: "कोणता मेसेज येतोय? माझ्या मोबाईलवर साईट उघडून बघू का? माझं नाव लिहून ठेवता का?" महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे आणि नाही मिळाली तर अपील करता येतं. पण ती मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात, म्हणून अर्जाचा क्रमांक आणि तारखेची पोच हातात असणं महत्त्वाचं.

उद्या कामावर गेलात की फार काही करू नका. टेबलावर एक वही ठेवा, पहिल्या पानावर हेल्पडेस्कचा खरा नंबर आणि या पाच तपासण्या लिहा. आणि जमलं तर टेबलाखाली वाकून एकदा बघा, राऊटरची पिन कुठे लावलीय ते.